सातशे रुपयांचं भिंग आणि हरभऱ्यातली केसाळ माशी

भिंग घडीचं आहे, १० एक्सचं, म्हणजे वस्तू दहा पट मोठी दाखवणारं. आत तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या आहेत, दुकानदार त्याला ट्रिपलेट म्हणतात. काचेचा व्यास १८ मिलिमीटर, बाहेर स्टीलचं कवच, एका खिळ्यावर फिरवलं की काच कवचात जाऊन बसते. पुण्यात शास्त्रीय उपकरणांच्या दुकानातून लेकीनं ७०० रुपयांना आणलं. दोन रब्बी हंगाम झाले, शेतात असले की ते माझ्या गळ्यात असतं. त्यावर कंपनीचं नाव कुठंच कोरलेलं नाही, त्यामुळं नाव सांगता येणार नाही. पण काय बघून घ्यायचं, ते कुठं कामी येतं आणि कुठं येत नाही, हे सगळं लिहिते. ७०० रुपये म्हणजे आमच्याकडं एका बाईच्या दोन दिवसांच्या मजुरीहून जास्तच, त्यामुळं घेणाऱ्यानं विचार करून घ्यावं.

आम्ही बीड जिल्ह्यातले. साडेचार एकर रान, त्यातल्या दीड एकरावर तुती, बाकीच्यात खरिपाला सोयाबीन-तूर, रब्बीला हरभरा आणि थोडी ज्वारी. आठ वर्षं झाली रेशीम करतोय. शेडचं काम बहुतेक माझ्याच अंगावर असतं. बॅच चालू असताना दिवसातून तीन वेळा पाला टाकायचा, रॅक झाडायचे, चुना मारायचा.

रेशीमवाल्याच्या घरात माशी म्हटलं की एकच, उझी. घरमाशीसारखीच दिसते पण तिच्याहून थोराड, पाठीवर काळे उभे पट्टे. शेडमध्ये शिरली की रेशीमकिड्याच्या अंगावर पांढरं अंडं चिकटवते, टाचणीच्या डोक्याएवढं. दोन-तीन दिवसांत अंडं फुटतं, त्यातली अळी किड्याची कातडी भोसकून आत जाते आणि जिथून गेली तिथं काळा डाग पडतो. किडे पाचव्या अवस्थेत आलेत, आता चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर, चढवायचे, आणि पाला उचलताना हे काळे डाग दिसायला लागले, की त्या दिवशी घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. लवकर लागण झालेला किडा कोष करायच्या आधीच मरतो. उशिरा झालेला कोष करतो, पण उझीची अळी त्या कोषाला भोक पाडून बाहेर पडते, आणि भोकाच्या कोषाचा धागा अखंड निघत नाही. बाजारात तो वेगळा काढतात आणि मातीमोल भाव लावतात. ही माशी पश्चिम बंगालातून कर्नाटकात आली ती १९८० साली, आणि आज रेशीम करणाऱ्या कुठल्याही गावात तिचं नाव लेकराबाळांना ठाऊक आहे.

आमच्या शेडला म्हणूनच चारी बाजूंनी नायलॉनची जाळी आहे. दाराला दोन पडदे, पहिला सोडल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, हा नियम पाहुण्यांनाही. बाहेर उझीनाशक गोळी विरघळवलेल्या पाण्याचे पांढरे ट्रे. आणि आत दिसलीच तर हातातली चप्पल. आठ वर्षांत मी एकही सोडलेली नाही.

हे आधी सांगितलं, कारण भिंग घेतलं ते हरभऱ्यातल्या घाटे अळीसाठी, पण त्यातून मला जे दिसलं ते माशीचं होतं.

गेल्या वर्षी जानेवारीचा पहिला पंधरवडा. हरभरा घाटे भरायला लागलेला. घाटे अळी मोजायची आमची पद्धत कृषी विज्ञान केंद्रात शिकवलेलीच: एक मीटर लांबीची ओळ घ्यायची, झाड हलवून अळ्या मोजायच्या, असं रानात दहा ठिकाणी करायचं. मीटरला एक-दोन अळ्या भरल्या की फवारणीचा विचार करायचा. सहाव्या जागेवर एका हिरव्या अळीच्या डोक्यामागं, मानेवर म्हणा ना, मला पांढरं काही चिकटलेलं दिसलं. नुसत्या डोळ्याला खडूचा ठिपका वाटला. भिंग लावलं तर तो तांदळाच्या कणीसारखा लांबट निघाला, वरून फुगीर, खालून अळीच्या कातडीला चपटा बसलेला. आणि हे रूप माझ्या इतकं ओळखीचं होतं की हात थरथरला. असं अंडं मी रेशीमकिड्यावर शेकडो वेळा बघितलंय.

मनात पहिला विचार आला तो शेडचा. आपल्याच शेडातली उझी रानात उतरली की काय? की रानात वाढतेय आणि शेडात येतेय? अळी चिरडायला बोटं जवळ नेली होती. तेवढ्यात लेकीला फोन लावला. ती बी.एस्सी. कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "आई, थांब, मारू नकोस. ती माशी तुझ्या हरभऱ्याचं काम करतेय. अळी बरणीत ठेव आणि काय निघतं बघ. मी सांगून कळणार नाही, तू बघ."

मग मी बरण्या लावल्या. लोणच्याच्या रिकाम्या बारा बरण्या धुऊन वाळवल्या, तोंडाला जुन्या साडीचा तुकडा, तळाला दोन बोटं माती. एका बरणीत एकच अळी, कारण घाटे अळ्या एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात. रोज सकाळी ताजा हरभऱ्याचा शेंडा टाकायचा. बारापैकी तीन अळ्यांवर पांढरं अंडं होतं, नऊ स्वच्छ दिसत होत्या. आत्याबाई दोन दिवस बघत होत्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काय पाळायलीस गं हे? शेडातले किडे कमी पडले का?" मी म्हटलं, आत्याबाई, पंधरा दिवस जाऊ द्या, मग सांगते.

अंडं असलेल्या तीनपैकी एकीनं दुसऱ्याच दिवशी कात टाकली. अंडं त्या टाकलेल्या कातीवरच राहिलं, आणि अळी सुटली. भिंगातून ती कात बघितली, कागदासारखी चुरगळलेली, त्यावर ते अंडं तसंच्या तसं. त्या अळीचा पुढं कोष झाला आणि पतंग निघाला. बाकी दोघी आठवडाभर खात राहिल्या. त्यांच्या पोटात दुसरा जीव आहे हे बाहेरून बघून कुणी ओळखलं नसतं. मग मलूल पडल्या, रंग उतरला, आणि एका सकाळी बरणीत अळीची रिकामी पिशवी आणि मातीत दोन बाजूंनी गोल, तांबूस-तपकिरी, पाव इंचाचा कडक कोष. धान्याच्या दाण्यासारखा. उझीचाही असाच असतो, शेडच्या फटीत सापडतो.

पण मला खरं नवल वाटलं ते नऊ स्वच्छ अळ्यांपैकी एकीतूनही असाच तपकिरी कोष निघाला याचं. तिच्या अंगावर अंडं नव्हतं, मी दोनदा भिंगातून तपासलेलं होतं. लेकीनं सांगितलं, या घराण्यातल्या काही माशा अंडं अळीवर घालतच नाहीत. पानावर घालतात, अगदी बारीक, धुळीच्या कणाएवढं. अळी पान खाते, पानाबरोबर अंडं पोटात जातं आणि तिथं फुटतं. काही माशा तर अंडंही घालत नाहीत, जिवंत अळीच सोडतात: ऊस-ज्वारीच्या खोडकिडीवरची स्टर्मिऑप्सिस नावाची माशी किडीनं पाडलेल्या भोकाच्या तोंडाशी आपली पिल्लं ठेवते, आणि ती सरपटत आत जाऊन खोडातली अळी शोधतात. ज्वारीत मी तिच्यासाठी खोडं चिरून बघितली, मला सापडली नाही. या सगळ्या घराण्याला टॅकिनिड म्हणतात. जगात त्यांच्या साडेआठ हजारांवर जाती नोंदलेल्या आहेत. आमची उझी त्यातलीच एक. हरभऱ्यातल्या घाटे अळीवर आपल्या देशात कार्सेलिया इलोटा, गोनिओफ्थाल्मस हाली, पॅलेक्झोरिस्टा लॅक्सा अशा जाती सापडलेल्या आहेत. माझ्या बरणीतली नेमकी कोणती, हे १० एक्सच्या भिंगानं ठरत नाही. त्याला जाणकार माणूस आणि मोठा सूक्ष्मदर्शक लागतो. हे घेण्याआधी माहीत असावं.

ठरतं ते एवढं: ही टॅकिनिड आहे की नाही. आणि शेतकऱ्याला तेवढं पुरतं.

ते कसं ओळखायचं हे भिंगानं मला कोष सापडल्यापासून बाराव्या दिवशी शिकवलं. तपकिरी कोष मी मातीतून काढून होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या काचेच्या बाटलीत ठेवला होता. काच पातळ, गोल, आणि आतली वस्तू काचेपासून दोन-तीन मिलिमीटरवर, त्यामुळं भिंगाचा नेम बरोबर बसतो. सकाळी सातची वेळ, थंडी होती, चुलीपुढं बसून मी सहज बघायला घेतलं आणि कोषाचं एक टोक हललं. टोपण उघडावं तसं उचललं गेलं. आतून डोकं आलं, आणि डोक्यावर कपाळातून पांढरा फुगा बाहेर येत होता. फुगायचा, आक्रसायचा, परत फुगायचा. त्या फुग्याच्या जोरावर माशी टोपण ढकलते आणि मातीतून वर येते. दहा मिनिटांत सगळी बाहेर. पंख चुरगळलेले, अंग फिक्कं, फुगा हळूहळू कपाळात परत गेला आणि तिथं नुसती एक शिवण राहिली. मग पंख पसरले, अंगाला रंग चढला, आणि केस दिसायला लागले. पाठीवर, पोटावर, पोटाच्या शेवटाला तर झाडूच्या काड्यांसारखे ताठ, काळे, वेगवेगळे मोजता येतील असे. घरमाशीचं पोट असं नसतं. बाजूनं बघितलं तर पाठीच्या शेवटी जो छोटा त्रिकोणी ढापा असतो, त्याच्या खाली आणखी एक गुबगुबीत उशी दिसते. ती उशी आणि पोटावरचे ताठ केस, ही दोन लक्षणं जुळली की टॅकिनिड समजा. मांसावर बसणारी माशी फसवते, कारण तीही करडी आणि मोठी. पण तिच्या पाठीवर तीन ठळक पट्टे, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळे बहुधा तांबडे, आणि ती फुगीर उशी तिच्यात नसते.

हे सगळं १० एक्समध्ये दिसतं. याहून मोठ्या पटीची गरज मला पडलेली नाही.

आता पटीबद्दल, कारण इथंच लोक फसतात आणि आधी मीही फसले होते. या भिंगाच्या अगोदर मी ऑनलाइन एक घेतलं होतं, १९० रुपयांचं, कवचावर ठसठशीत ३० एक्स कोरलेलं. आलं, बघितलं, सगळ्या वस्तूंच्या कडेला निळी-तांबडी झालर दिसायची आणि मधला शेंगदाण्याएवढा भाग सोडला तर बाकी धूसर. परत घ्या म्हटलं तर विकणाऱ्यानं उत्तरच दिलं नाही. लेकीनं मग पट मोजायची रीत दाखवली, ती कुणालाही जमेल. दिवसा खोलीत खिडकीच्या समोरच्या भिंतीपाशी उभं राहायचं. भिंग भिंतीपुढं धरून मागंपुढं करायचं. एका जागी भिंतीवर खिडकीचं उलटं, बारीक, स्वच्छ चित्र उमटतं. तिथं काचेपासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीनं सेंटिमीटरमध्ये मोजायचं आणि २५ ला त्यानं भागायचं. ७०० रुपयांच्या भिंगाचं अंतर अडीच सेंटिमीटर आलं, म्हणजे बरोबर १० पट. त्या १९० वाल्याचं साडेतीन आलं. म्हणजे ३० कोरलेलं, पण खरी पट सातच. खरोखर ३० पटीचं असतं तर अंतर जेमतेम ८ मिलिमीटर आलं असतं आणि काच मसुराएवढी बारीक लागली असती. रुपयाच्या नाण्याएवढ्या काचेवर ३० एक्स लिहिलेलं दिसलं की ते खोटं, हे ध्यानात ठेवा. दुकानात जाऊन घेत असाल तर पट्टी बरोबर न्या.

वापरायची पद्धतही सांगते, कारण पहिले आठ दिवस मला चक्कर यायची. भिंग वस्तूवर धरून लांबून डोकवायचं नाही. भिंग डोळ्याला अगदी टेकवायचं, पापणी काचेला लागेल इतकं, आणि मग पानच वर आणायचं. ज्या हातात भिंग, त्याची मूठ गालाला टेकवायची, दुसऱ्या हाताची बोटं त्याच मुठीला टेकवायची, म्हणजे हलत नाही. दुसरा डोळा मिटायचा नाही, उघडाच ठेवायचा. सूर्य पाठीमागं किंवा बाजूला असावा. आणि भिंगातून सूर्याकडं चुकूनही बघू नये. उघडं भिंग कडब्यावर किंवा पाचटावर उन्हात ठेवू नये, ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

आता याची खरी अडचण. अडीच सेंटिमीटरवर आणायला वस्तू हलता कामा नये. अंडं, कोष, मेलेली अळी, पानावरचा मावा, हे ठीक. जिवंत माशी तुम्हाला अडीच सेंटिमीटरवर कशी येऊ देईल? दिवसा नाहीच. माझ्या अनुभवात दोनच वेळा जमतं. एक, पहाटे थंडीनं गारठलेली माशी धुऱ्यावरच्या गवताला धरून बसलेली असते तेव्हा. दुसरी वेळ, ती फुलावर असते तेव्हा.

फुलावरची आठवण फेब्रुवारीतली आहे. आमच्या विहिरीजवळ आत्याबाईंनी घरापुरते धने टाकलेले असतात. ते फुलावर आलेले. पांढऱ्या फुलांच्या छत्र्या, सकाळचे नऊ, ऊन कोवळं. मी पाण्याचं दार फिरवायला गेले आणि थबकले. एका झाडावर पाच-सहा माशा, सगळ्या केसाळ. शेडात मला जिच्या नुसत्या आवाजानं धस्स होतं, तिच्याच कुळातल्या, आणि इथं मधमाश्यांसारख्या फुलावरून फुलावर चालत मध पीत होत्या. सोंड आखूड असते त्यांची, धने-शेपू-बडीशेपेची उघडी फुलं त्यांना बरी पडतात. एक माझ्याकडं पाठ करून होती. होमिओपॅथीची बाटली हळूच तिच्यावर पालथी घातली, खालून बोट लावलं, आणि भिंग. पोटावर ते काळे ताठ केस, पंख अंगापासून थोडे फाकलेले, ढाप्याखालची उशी. पायावर धन्याच्या फुलाचे परागकण. किती वेळ बघितलं कळलं नाही. मग बोट काढलं, ती लगेच उडाली नाही, बाटलीच्या कडेला बसून पुढचे पाय एकमेकांवर घासत राहिली आणि मग गेली.

आठ वर्षांत एक सोडली नव्हती. ही पहिली.

मोबाईलला चिमट्यानं लावायची मॅक्रो काच लेकीकडं आहे, तिचीही तुलना करते. हलणाऱ्या माशीसाठी ती चांगली, कारण फोटो एकदा निघाला की तो घरी मोठा करून बघता येतो आणि कुणाला पाठवताही येतो. पण उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, चिमटा सरकतो, आणि हाताला चिखल असताना मोबाईल बाहेर काढणं जिवावर येतं. भिंगाला चार्जिंग लागत नाही. दोन्ही असतील तर उत्तम. एकच घ्यायचं तर मी भिंग घेईन.

हरभऱ्यात याची निगा जास्त ठेवावी लागते. हरभऱ्याच्या पानावर आंब, म्हणजे आंबट रस, असते, आपल्या आया पहाटे फडकं फिरवून धरायच्या तीच. ती काचेवर बसली की काच चिकट होते आणि सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. पदरानं पुसायचं नाही, धुळीचे कण ओरखडे काढतात. आधी फुंकर, मग स्वच्छ सुती फडकं ओलं करून. या आंबेची दुसरी गोष्टही मला या निमित्तानं समजली. कापसात, उसात आपण ट्रायकोकार्ड लावतो, त्यातल्या बारीक गांधीलमाश्या किडीच्या अंड्यांतच अंडी घालतात. हरभऱ्यात तीच कार्डं म्हणावं तेवढं काम करत नाहीत, कारण त्या इवल्या जीवांना पानावरचे केस आणि ही आंब मानवत नाही. इथं काम होतं ते पुढच्या पायरीला, अळीवर. लहान अळ्यांवर कॅम्पोलेटिस नावाची गांधीलमाशी, मोठ्या अळ्यांवर या केसाळ माशा.

भिंगाचा रोजचा उपयोग म्हणाल तर हाच, अळी कशानं मेली ते कळतं. काळी पडून, पाघळून, शेंड्याला उलटी लटकलेली म्हणजे विषाणूनं मेली, आपण एचएनपीव्ही, म्हणजे घाटे अळीला मारणारा विषाणू, फवारलेलं लागू पडलं. बारीक अळीचं नुसतं चामडं आणि त्याला चिकटून छोटा लांबट पांढरट-करडा कोष म्हणजे कॅम्पोलेटिस. अंगावर पांढरं अंडं किंवा काळा डाग म्हणजे माशी. काळा डाग नीट बघा, तो नुसता व्रण नसतो. आत गेलेल्या पिल्लाला श्वास घ्यायचा असतो, त्यासाठी ते बाहेरच्या हवेशी वाट धरून राहतं, आणि अळीच्या शरीरानं त्याच्याभोवती बनवलेलं काळपट नरसाळं तिथं असतं. शेडात तो डाग मी आठ वर्षं पाहत होते, पण तो श्वासाचा आहे हे रानात कळलं.

गेल्या जानेवारीत त्या दहा जागांची सरासरी मीटरला एक अळी भरली होती. म्हणजे उंबरठ्यावर. ह्यांचं म्हणणं फवारून मोकळं व्हावं. मी म्हटलं, चारातल्या एका अळीवर अंडं आहे, चार दिवस द्या. ह्यांनी दिले. आमच्या फवारणीला तशीही एक जास्तीची धास्ती असते. तुती शेजारी आहे. हरभऱ्यावर क्लोरँट्रानिलिप्रोलसारखं औषध मारलं आणि वाऱ्यानं त्याचे शिंतोडे तुतीवर गेले, तर तो पाला खाऊन बॅचच्या बॅच जाते, रेशीमकिड्याला ते औषध फार घातक. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या रानातून आलेल्या वाऱ्यानं आमची एक बॅच अशीच गेली. किडे पाल्यावर पडल्या जागी वाकडे होत गेले. तेव्हापासून मी फवारणी हा शब्द ऐकला तरी आधी वारा कुठून आहे ते बघते.

चार दिवसांनी परत मोजलं. विहिरीकडच्या अर्ध्या एकरात अळ्या कमी झालेल्या, पक्षीथांब्यांवर कोतवाल आणि साळुंक्या बसायच्या त्यांचाही हात होता. तिथं फवारणी लागली नाही. खालच्या तुकड्यात वाढलेल्या होत्या, तिथं ५ टक्के निंबोळी अर्क आणि नंतर एचएनपीव्ही मारावंच लागलं. सगळं श्रेय माशीला द्यावं असं मी म्हणत नाही. भिंगामुळं अर्ध्या एकराची फवारणी टळली, एवढं मात्र खरं. त्यातच भिंगाचे पैसे निघाले.

घरात एक वाद अजून चालू आहे. मला हरभऱ्यात दर दहा ओळींनंतर एक ओळ धन्याची टाकायची होती, माशांना मध मिळावा म्हणून. ह्यांनी विचारलं, "अगं, एका हातानं जाळ्या लावायच्या आणि दुसऱ्या हातानं माशा जेवू घालायच्या? त्यातली एखादी शेडात शिरली म्हणजे?" प्रश्न खरा आहे. टॅकिनिडांत काही जाती अशा आहेत ज्यांना रेशीमकिडा आणि रानातली अळी दोन्ही चालतात. त्यामुळं मी हे मान्य केलं: धने विहिरीकडच्या, शेडपासून सगळ्यात लांबच्या तुकड्यातच, आणि शेडची जाळी, दोन पडदे, ट्रे यांत केसाएवढी सूट नाही. या वर्षी तसंच पेरलंय. शेडात आली तर ती मरणारच. रानात तिला हात लावायचा नाही. कुणाला हे विचित्र वाटेल, पण आत पांढरे किडे आपले लेकरासारखे वाढवलेले आहेत आणि बाहेर घाटा आपला आहे.

भिंगाच्या तक्रारी दोन. खिळा सहा महिन्यांत ढिला झाला, काच आपोआप बाहेर यायला लागली. चष्म्याच्या दुकानात बारीक पेचकसानं दोन मिनिटांत आवळून मिळाला, पण ७०० रुपयांच्या वस्तूचं असं व्हायला नको होतं. दुसरी, कवचाला दोरीसाठी भोक इतकं बारीक की शिवणाचा दोराच जातो. मी तिहेरी दोरा घातला होता, तो तुटला आणि भिंग तुतीच्या सरीत पडलं. दीड तास शोधलं. आता बारीक तारेची कडी घालून तिला गोफ बांधलाय, लाल रंगाचा, मातीत उठून दिसेल असा.

काच मात्र अजून पहिल्यासारखी आहे. कडेला रंगाची झालर नाही, मधलं आणि कडेचं सारखंच स्वच्छ.

आत्याबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. परवा बरणीतली माशी त्यांना दाखवली, बसवून, मूठ गालाला टेकवून. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अंगावर किती केस गं हिच्या. थंडी वाजत नसंल." परत मागितलं, परत बघितलं, आणि आता सकाळी पाला टाकून आले की आधी विचारतात, बाटलीत काय हाय आज.

लेक पुढच्या आठवड्यात येतेय. तिला सांगितलंय, येताना आणखी एक आण, १० एक्सचंच, पण दोरीचं भोक मोठं बघून.